कथिलाचा धूर आणि पहाटेचा खोकला

साठीतले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. बँकेतून निवृत्त झालेले, विडी-सिगारेटला कधी हात न लावलेले, वजन बेताचं. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. दिवसा फारसा नाही. पण पहाटे तीन-चारला जाग येते, छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज येतो आणि उठून बसावं लागतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक देऊन पाहिलं. एक्स-रे झाला, थुंकी तपासून क्षय नसल्याची खात्री झाली. मग सरकारी रुग्णालयाची ओपीडी. मागे चाळीस माणसांची रांग. डॉक्टर विचारतात, ‘‘काका, काम काय करता?’’ काका सांगतात, ‘‘आता काही नाही डॉक्टर, रिटायर झालोय.’’ केसपेपरवर ‘निवृत्त’ असा शब्द उमटतो आणि चौकशी तिथेच संपते.

काका खोटं बोललेले नाहीत. रात्री जेवणं झाली की गॅलरी बंद करून केलेल्या छोट्या खोलीत ते दोन तास बसतात, जुन्या पद्धतीच्या रेडिओसाठी तारेची वेटोळी गुंडाळतात, त्यांच्या टोकांना कथिलाचा डाग देतात. हा त्यांचा आनंद आहे, त्याला ‘काम’ कोण म्हणेल? तापलेलं सोल्डरिंग आयर्न गार पडू नये म्हणून पंखा बंद असतो. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडकीही बंद असते. हे गृहस्थ कल्पनेतले आहेत. पण त्यांच्या आजाराचा प्रत्येक तुकडा वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेला आहे, आणि तो निसटतो कसा हेही बहुतेक डॉक्टरांना ठाऊक आहे.

हौशी रेडिओ म्हणजे ‘हॅम रेडिओ’ हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, हे आधी सांगायला हवं. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम मिळतं आणि मग घरातल्या यंत्रावरून जगाशी बोलता येतं. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम-मोहिमेसाठी अंदमानात होत्या. नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली असताना त्यांच्या संचावरून निरोप जात-येत राहिले. त्यामुळे या छंदाला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न त्यातल्या एका छोट्या कृतीचा आहे, आणि ती कृती समजून घेण्यासाठी थोडं तारेबद्दल बोलावं लागेल.

घरातल्या वायरिंगमध्ये वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलते. इतक्या संथ गतीला प्रवाह तारेच्या पूर्ण जाडीतून वाहतो. रेडिओच्या लहरींना हीच अदलाबदल सेकंदाला लाखो वेळा होते आणि प्रवाह तारेच्या कडेला ढकलला जातो. मध्यम लहरींवर, म्हणजे साधारण 1 मेगाहर्ट्झला, तो तांब्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.066 मिलिमीटर खोलीपर्यंतच नीट वाहतो. जाड तार घेतली तर मधलं तांबं फुकट. उपाय असा काढला गेला की एका जाड तारेऐवजी अनेक बारीक पदर घ्यायचे, प्रत्येक पदरावर इनॅमलचं स्वतंत्र आवरण चढवायचं आणि सगळ्यांना असा पीळ द्यायचा की प्रत्येक पदर आलटून पालटून आत-बाहेर येत राहील. हीच ‘लिट्झ’ तार. जर्मन भाषेत हा शब्द तारेच्या किंवा गोफाच्या पदरांसाठी वापरतात. बॅटरीशिवाय चालणारा क्रिस्टल रेडिओ बनवणाऱ्यांची लाडकी तार 165 पदरांची असते आणि त्यातला एकेक पदर 0.04 मिलिमीटरचा, बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. हे फार दूरचं वाटत असेल तर स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीची आठवण करा. तिच्या काचेखाली जे गोल वेटोळं असतं, तेही याच जातकुळीचं.

(जाता जाता एक गोष्ट. लहरी 2-3 मेगाहर्ट्झच्या वर गेल्या की या तारेचा फायदा आटत जातो. ज्यांचं सगळं बोलणं 7 किंवा 14 मेगाहर्ट्झवर चालतं, त्यांना ती मुळात लागतच नाही. तिथे साधी जाड एकपदरी तार बरी. तरीही कपाटात एक रीळ असावं असं प्रत्येकाला वाटतं.)

खरी कसोटी तारेच्या टोकाला लागते. 165 पदर एकत्र आले, पण त्यातल्या वीस-पंचवीस पदरांवरचं इनॅमल तसंच राहिलं, तर ते पदर नुसते सोबतीला. वेटोळ्याचा दर्जा घसरतो आणि लांबचं स्टेशन ऐकू येईनासं होतं. टोकाचं आवरण पूर्ण काढणं हेच कौशल्याचं काम. पॉलिश पेपरने घासावं तर पदर तुटतात, ब्लेडने खरवडणं तर अशक्यच. म्हणून गेल्या शंभर वर्षांत हौशी मंडळींनी नाना युक्त्या काढल्या, आणि वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर त्यातली जवळपास प्रत्येक युक्ती नाक-डोळे आक्रसायला लावणारी आहे.

जुन्या रेडिओ-पुस्तकांतली युक्ती स्पिरिटच्या दिव्याची. टोक ज्योतीत लाल होईपर्यंत धरायचं आणि लगेच स्पिरिटच्याच वाटीत बुडवायचं. आवरण जळतं आणि तांबं झगझगीत निघतं. जळता दिवा आणि उघडी स्पिरिटची वाटी एकाच टेबलावर ठेवून चाललेल्या या कामाबद्दल भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात कधी काम केलेला कोणीही चांगलं बोलणार नाही.

दुसरी युक्ती पेंट रिमूव्हरची. रंग उतरवणाऱ्या काही द्रवांत डायक्लोरोमिथेन हे द्रावक असतं. त्याची वाफ श्वासातून शरीरात गेली की यकृत तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार करतं. म्हणजे बंद मोरीत गीझर किंवा शेगडीमुळे जो विषारी वायू माणसाचा जीव घेतो, तोच शरीराच्या आत बनतो आणि वास थांबल्यावरही काही तास बनत राहतो. बंद जागेत हे द्रव वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने 2019 मध्ये असे रिमूव्हर सामान्य ग्राहकाला विकण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाने तर त्यापासून दूरच राहावं. आपल्याकडे डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घेणं एवढंच हातात उरतं.

तिसरी युक्ती डॉक्टरांना सर्वांत जास्त चक्रावणारी आहे: अ‍ॅस्पिरिन! हृदयरुग्ण रोज घेतात तीच गोळी. तिच्यावर तारेचं टोक ठेवायचं आणि वरून तापलेलं आयर्न दाबायचं. गोळी वितळते, तिच्यातून आम्ल सुटतं, इनॅमल सैल होतं आणि कथिल तांब्याला धरतं. युक्ती चालते, म्हणूनच ती एकाकडून दुसऱ्याकडे इतकी वर्षं जात राहिली. पण त्या वेळी जो पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघतो त्यात अ‍ॅसेटिक आम्ल असतं आणि उष्णता वाढेल तसा फिनॉलही असतो. दम्याच्या काही रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचं वावडं असतं. गोळी घेतली की त्यांचा श्वास कोंडतो. हे वावडं ओळखण्यासाठी काही मोठ्या केंद्रांत अ‍ॅस्पिरिनचंच एक रूप अगदी मोजून-मापून हुंगायला देतात, आणि तेही तातडीच्या उपचारांची सगळी तयारी शेजारी ठेवून. आणि इथे माणूस रात्री अकराला, एकटा, गॅलरीच्या खोलीत, मोजमाप न करता धूर नाकाखाली धरून बसतो. शिवाय मागे उरलेलं आम्ल त्या केसासारख्या पदरांना हळूहळू खातं. म्हणजे छातीचं नुकसान करून तारही टिकत नाही. ही युक्ती नव्या मुलांना शिकवणं आता बंद व्हायला हवं.

आज सर्रास वापरली जाणारी आणि त्यातल्या त्यात शहाणी पद्धत म्हणजे सोल्डरने वितळणारं इनॅमल असलेली तार घेणं. हे आवरण पॉलियुरेथेनचं असतं. आयर्नच्या टोकावर वितळलेल्या कथिलाचा टपोरा थेंब धरायचा, तापमान साधारण 380 ते 400 अंश सेल्सिअस, आणि तारेचं नुकतंच कापलेलं टोक त्यात हळूहळू सरकवत न्यायचं. कापलेल्या जागी उघडं तांबं असतं, तिथून कथिल आत शिरतं, आवरण मागे सरत जातं आणि काही सेकंदांत सगळे पदर चांदीसारखे चमकतात. ज्यांना हे जमतं त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं असतं. मात्र त्या काही सेकंदांत थेंबावरून धुराची एक बारीक रेघ वर जाते, आणि हा सगळा लेख त्या रेघेविषयी आहे.

पॉलियुरेथेन बनतं आयसोसायनेट या रसायनांच्या कुळापासून. ते पुरेसं तापवलं की रासायनिक क्रिया उलटी फिरते आणि आयसोसायनेट पुन्हा मोकळं होतं. हे नाव आपल्याला अनोळखी नाही. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळवर जो वायू पसरला तो मिथाइल आयसोसायनेट होता. इथे घाबरवण्याचा हेतू नाही. भोपाळला टाकीतून टनावारी वायू सुटला होता. तारेच्या टोकातून सुटणारा अंश त्यापुढे नगण्य, आणि रसायनंही तंतोतंत तीच नव्हेत. पण आयसोसायनेटच्या बाबतीत प्रमाण कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्यांचा एक दुर्गुण प्रमाणावर अवलंबून नसतो. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याच्या सर्वांत परिचित कारणांमध्ये त्यांची गणना होते. एखाद्याच्या श्वसनमार्गाने एकदा त्यांच्याशी वैर धरलं की पुढे अगदी सूक्ष्म मात्राही झटका आणायला पुरते. पॉलियुरेथेनचं आवरण असलेल्या तारा सोल्डर करणाऱ्या कामगारांना यामुळे श्वासाचा त्रास होतो, हे ब्रिटनमधल्या औद्योगिक वैद्यकाच्या एका नियतकालिकात 1969 मध्येच छापून आलं होतं. पंचावन्नहून अधिक वर्षं झाली. तारेच्या रिळावर मात्र आजही व्यास, पदरांची संख्या आणि तापमानाचा वर्ग एवढंच लिहिलेलं दिसतं.

धुराचा दुसरा भाग फ्लक्सचा. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा. भांडं भट्टीवर तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि मग कथिल भांड्याला धरायचं. नवसागर जे काम करतो तेच इथे फ्लक्स करतो: धातूवरचा गंज खाऊन कथिलाला वाट मोकळी करून देतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात हा फ्लक्स बहुधा राळेचा असतो. चीड वृक्षाच्या डिंकातून काढलेलं हे रोझिन. व्हायोलिनवादक गजाला लावतात तेच. सोल्डरच्या तारेच्या पोटात ते आधीच भरलेलं असतं. झाडाचं, नैसर्गिक, सुवासिक, म्हणून निरुपद्रवी, असा आपला समज. पण 1970 च्या दशकात जॅक पेपिस, शेरवूड बर्ज आदी ब्रिटिश डॉक्टरांनी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास करून दाखवलं की तापलेल्या राळेचा धूर हा दम्याचं थेट कारण ठरतो. बर्ज यांची पद्धत साधी होती. कामगारांच्या हातात श्वासाचा जोर मोजणारं छोटं यंत्र, पीक फ्लो मीटर, दिलं आणि जागेपणी ठरावीक तासांनी फुंकून आकडे लिहायला सांगितलं, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. आलेखच बोलू लागले. कामाच्या दिवसांत रेघ खाली, सुट्टीत हळूहळू वर. पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट कळली. काम सोडल्यानंतरही अनेकांचा त्रास पूर्णपणे गेला नव्हता. उशिरा ओळखला गेला की हा आजार पाहुण्यासारखा येऊन भाडेकरूसारखा राहतो.

तो उशिरा का ओळखला जातो? धूर लगेच खोकवत नाही, हे याचं मोठं कारण. पहिले काही आठवडे, महिने, कधी काही वर्षंही शरीर आतल्या आत तयारी करत असतं. बाहेर काहीच दिसत नाही. तयारी पूर्ण झाल्यावरही अनेकांना त्रास तिथल्या तिथे न होता चार ते आठ तासांनी होतो. रात्री दहाला टोकं सोल्डर केली, तर श्वास अडकतो पहाटे तीनला. मग दोष कधी गार पाण्याला जातो, कधी उशीवरच्या धुळीला, कधी कबुतरांना, कधी रात्री खाल्लेल्या दह्याला.

बारीक तारेच्या कामात आणखी एक अडचण आहे, ती चाळिशीनंतरच्या डोळ्यांची. जवळचं दिसत नाही म्हणून माणूस वाकतो. साधी जाड वायर जोडताना नाक हातभर लांब असतं, 0.04 मिलिमीटरचे पदर पाहताना ते वीतभर अंतरावर, नेमकं धुराच्या रेघेवर येतं. धूर तापलेला असतो, तो सरळ वर जातो. खोलीतल्या एकूण हवेत त्याचं प्रमाण नगण्य असलं तरी त्या वीतभर जागेत ते नगण्य नसतं.

म्हणूनच ‘हे काम हवेशीर जागेत करावं’ ही सूचना, जी सर्वत्र छापलेली असते, तिला फारसा अर्थ नाही. गच्चीवर बसूनसुद्धा माणूस धुरावर वाकून बसला तर तो धूरच हुंगतो. छताचा पंखा धूर खोलीभर पसरवतो, आणि आयर्न गार पडतं म्हणून तो बंदच केला जातो. तोंडावरचा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे बिनकामाचा. एन-95 मास्क राळेच्या धुरातले कण बऱ्यापैकी अडवतो, पण वायू आणि वाफ अडवणं हे त्याचं कामच नाही. हवं आहे ते एवढंच: धूर निघतो तिथूनच तो खेचून दूर नेणं. जुन्या कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा पंखा कामाच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, तोंड खिडकीकडे करून ठेवला की रेघ नाकाकडे येण्याऐवजी आडवी वळून बाहेर जाते. उदबत्ती लावून हे आधी तपासून पाहता येतं. पंखा दोन हात लांब ठेवला तर मात्र त्याचा जोर तिथवर पोचत नाही. टेबलाला अडकवायचं दिव्याचं भिंग घेतलं तर मान वर राहते आणि डोळे व मणके दोन्ही दुवा देतात. रेडिओ बांधणाऱ्याला पंखा बसवणं अवघड नाही. तो बसवावा असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि आनंदाची गोष्ट अशी की जे तारेला चांगलं तेच छातीलाही चांगलं. इनॅमल वितळत नाही म्हणून तापमान वाढवत नेणारे पुष्कळ आहेत. पण वितळलेल्या कथिलात तांबं पाण्यातल्या साखरेसारखं विरघळतं. पदर जितका बारीक आणि कथिल जितकं तापलेलं, तितकं भराभर. जास्त वेळ धरलं तर टोकाचे पदर दिसायला शाबूत, पण आतून गायब. दुसरीकडे जास्त तापमान म्हणजे आवरणाची आणि राळेची जास्त फाटाफूट, जास्त धूर. काही सेकंदांत कथिल धरलं नाही आणि नुसता काळा कोळसा दिसू लागला, तर ती तार सोल्डरने वितळणाऱ्या आवरणाची नाही, असं समजून थांबावं. मोटारींच्या वाइंडिंगमध्ये वापरली जाणारी उष्णतारोधक आवरणं आयर्नला दाद देत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तार घेताना ‘किती पदरी’ याच्या आधी ‘सोल्डर होणारी आहे का’ हे विचारलं, तर पुढचे अनेक उद्योग वाचतात.

आता शिसं. सोल्डरिंगचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस पहिल्यांदा शिशाचीच भीती व्यक्त करतो, आणि ही भीती चुकीच्या दाराशी उभी आहे. जुन्या प्रकारच्या सोल्डरमध्ये 37 ते 40 टक्के शिसं असतं खरं; पण शिसं उकळतं 1,749 अंशांना. 400 अंशांवर त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. ते शरीरात जातं ते हातांवाटे. सोल्डरची तार दातात धरणं, काम करता करता चहा-बिस्किटं खाणं, कथिलाच्या भांड्यावरची राखाडी साय झटकून तिची धूळ उडवणं, आणि तेच हात घेऊन नातवाला उचलणं. लहान मुलाच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, म्हणून साबणाने हात धुणं आणि ते टेबल जेवणाच्या टेबलापासून वेगळं ठेवणं यावर तडजोड नको. पण ‘लेड-फ्री’ सोल्डर आणलं म्हणून काळजी मिटली, हा समज त्याहून घातक. ते सुमारे 217 ते 220 अंशांना वितळतं, जुनं 183 ला. म्हणजे तापमान चढंच लागतं, आणि फ्लक्सही बहुधा अधिक तीव्र. शिसं गेलं, धूर राहिला.

या सगळ्यावर आक्षेप येईल की महिन्यातून चार टोकं सोल्डर करणाऱ्या हौशी माणसाला एवढं सांगायची काय गरज? आक्षेपात तथ्य आहे. अशा बहुतेकांना आयुष्यभर काहीही होणार नाही. पण कोणाला होईल हे आधी सांगणारी तपासणी उपलब्ध नाही. आणि हाच धूर दिवसाचे दहा तास घेणारी माणसं आपल्या आसपास आहेत. चार फुटी टपरीत मोबाइल दुरुस्त करणारा विशीतला मुलगा, रिवाइंडिंगच्या दुकानातला कारागीर, छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना डाग देणाऱ्या बायका. कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक दम्याला स्थान आहे. मात्र टपरीवाल्या मुलाला मालक नाही, त्यामुळे भरपाई कोणाकडे मागणार? आणि कारखान्यातल्या बाईच्या केसपेपरवर ‘दमा’ एवढंच लिहिलेलं असेल, कशामुळे ते लिहिलेलं नसेल, तर तिच्या हातात कायदा असून नसल्यासारखा. हौशी मंडळींकडे वेळ आहे, ज्ञान आहे, आणि शाळा-कॉलेजांतल्या मुलांना सोल्डरिंग शिकवणारेही बरेचदा तेच असतात. त्यांच्या टेबलावर पंखा दिसला तर तो टपरीवरही दिसू लागेल.

डॉक्टरांच्या बाजूची चूक मात्र याहून जुनी आहे. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की रुग्णाला जे प्रश्न विचारायचे त्यांत ‘तुमचा धंदा काय?’ हाही असावा. सव्वातीनशे वर्षांनंतर हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असतो आणि त्याचं उत्तर ‘नोकरी’, ‘घरकाम’, ‘निवृत्त’ अशा एका शब्दात उरकलं जातं. गर्दीच्या ओपीडीत तीन मिनिटांत याहून जास्त होत नाही, हे मान्य. पण प्रौढ वयात नव्याने दमा सुरू झालेल्या माणसाला ‘हातांनी काय काय करता, घरीसुद्धा?’ आणि ‘सुट्टीवर गावी गेलात की बरं वाटतं का?’ हे दोन प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. महागडी तपासणी नंतर. पीक फ्लो मीटर काही शे रुपयांत मिळतं, आणि दिवसातून किमान चारदा, दोन ते चार आठवडे लिहिलेले आकडे अनेक स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातात.

सुरुवातीच्या काकांना हे प्रश्न विचारले गेले असते तर त्यांनी थोडं लाजत सांगितलं असतं, ‘‘रेडिओ करतो डॉक्टर, जुना नाद आहे.’’ मग वही, मग आकडे. सोल्डरिंगच्या रात्रीनंतरची सकाळ खाली, आणि मुलीकडे नाशिकला घालवलेला आठवडा वर. अशा माणसाला नुसता पंखा पुरणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. पंखा बाकीच्यांसाठी, ज्याच्या छातीने वैर धरलं आहे त्याने आयर्न बाजूलाच ठेवावं. इनहेलर चालू ठेवून धूर घेत राहणं म्हणजे दुखणं झाकत आतलं नुकसान वाढवणं. ते ऐकताना माणसाचा चेहरा पडतो. तरी त्याचा रेडिओ जात नाही. परवाना तोच, संकेतनाम तेच, रात्रीच्या गप्पा त्याच. वेटोळं त्याने स्वतः गुंडाळावं, पदर स्वतः मोजावेत, आणि टोकांना कथिल लावायला ते एखाद्या हॅम मित्राकडे पाठवावं, ज्याच्या टेबलावर खिडकीकडे तोंड केलेला पंखा फिरतो आहे.